बारमाही देखणी, कमी कष्टाची बाग: या चुका टाळा

बागेचं बिघडतं ते बहुतेकदा रोपवाटिकेतच. त्या दिवशी जे फुललेलं असतं तेच आपण उचलून आणतो. महिनाभर बाग झकास दिसते, मग सगळ्यांचा बहर एकदमच ओसरतो. रिकामं दिसायला लागलं की हंगामी रोपं आणायची, आणि ती दर तीन-चार महिन्यांनी उपटून पुन्हा लावायची. कमी कष्टाची बाग ती हीच का?

खरेदीआधी १२ महिने कागदावर उतरवा आणि प्रत्येकासमोर बघण्यासारखं काहीतरी लिहा. फूलच हवं असं नाही. चाफ्याची पानं गळली की त्याच्या जाड, राखाडी फांद्या कोऱ्या भिंतीपुढे फुलांइतक्याच देखण्या दिसतात. क्रोटनचा तर रंगच पानांत असतो. जो महिना कोरा राहील, त्याच्यासाठी रोप शोधा.

दुसरी चूक दाटीची. दीड मीटर पसरणारं झुडूप दोन फुटांवर लावलं की कात्री कायमची हातात आली. शिवाय छाटून छाटून चेंडू केलेला इक्सोरा फुलत नाही, कारण त्याची फुलं येतात फांदीच्या शेंड्याला आणि आपण शेंडेच उडवत असतो. रोपाचा पूर्ण वाढीचा पसारा विचारूनच अंतर ठरवा. मधली जागा वर्ष-दोन वर्षं उघडीबोडकी दिसेल, दिसू द्या. तिथे पाच-सात सेंटिमीटर पालापाचोळा पसरा, पण बुंध्यापासून चार बोटं लांब, नाहीतर बुंधा कुजतो.

खडीच्या मोहात मीही फसले. तण येऊ नये म्हणून खाली कापड अंथरलं, वर पांढरी खडी. दोन वर्षांत खडीत धूळ आणि कुजकी पानं साचून मातीचा थर तयार झाला आणि त्यातच गवत रुजलं. लव्हाळ्याची टोकदार पाती तर कापड भोकसून वर आली. उपटलं की पात हातात आणि गाठ जमिनीत! शेवटी खडी उचलून माती खणली आणि गाठी वेचल्या. हे काम आधीच करायला हवं होतं.

बोगनवेल नुसतीच पानांनी माजली असेल तर खत आणि पाणी, दोन्ही जास्त होतंय. नत्राचं खत थांबवा, वरची दोन इंच माती सुकल्याशिवाय पाणी देऊ नका, आणि सहा तास ऊन मिळतंय ना ते बघा.

बाकी झुडपांनाही रोजचा शिडकावा नको. मुळं वरच्या वर राहतात आणि चार दिवस पाणी चुकलं की झाड माना टाकतं. मुरेल असं भरपूर, पण अंतराने द्या. नव्या रोपांना मात्र पहिलं वर्षभर ही सूट नाही. त्यांची माती बोट खुपसून बघत राहावीच लागते.