ड्राइव्ह दोन, सिस्टीम दोन: ड्युअल बूट करताना या चुका टाळा

ड्युअल बूट म्हणजे एकाच मशीनवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम. त्यासाठी एकाच डिस्कचे तुकडे पाडून विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी बसवण्यापेक्षा दोघांना स्वतंत्र ड्राइव्ह द्यावा, हा सल्ला योग्यच आहे. पण दुसरा एसएसडी बसवला की बऱ्याच जणांची समजूत होते, की आता या दोघांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. मग कधीतरी जुना ड्राइव्ह काढला जातो किंवा फॉरमॅट होतो, आणि जिला हातही लावला नव्हता ती सिस्टीम सुरू व्हायला नकार देते. डेटा जागेवर, फाइली जागेवर, फक्त सुरू करणारा भाग दुसऱ्या ड्राइव्हवर होता आणि तो गेला.

हे का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या निम्म्या भानगडी आपोआप टळतील. मशीन चालू होताच सगळ्यात आधी मदरबोर्डवरचा एक प्रोग्रॅम चालतो. हल्लीच्या मशीनमध्ये तिथे जुन्या बायोसच्या जागी यूईएफआय असतं (मेनूला आपण सगळे अजून बायोसच म्हणतो, इथेही तसंच म्हणू). बटण दाबल्यावर ते ईएफआय सिस्टीम पार्टिशन नावाच्या छोट्या पार्टिशनमधून (ड्राइव्हच्या वेगळ्या पाडलेल्या भागातून) बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करणारा प्रोग्रॅम, उचलतं. हे पार्टिशन फॅट३२ प्रकारचं असतं आणि विंडोज ते साधारण १०० एमबीचं बनवतं. कुठला बूटलोडर कुठे आहे याची यादी मात्र ड्राइव्हवर नसते, मदरबोर्डवरच्या मेमरीत असते. म्हणजे ड्राइव्ह कितीही घेतले तरी यादी एकच, आणि इन्स्टॉल करताना लक्ष दिलं नाही तर ईएफआय पार्टिशनही एकच. बिऱ्हाडं दोन, उंबरा एक.

दोन्ही ड्राइव्ह जोडलेले ठेवून इन्स्टॉल करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. उबंटू या लिनक्सच्या प्रकाराच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये बूटलोडर कुठल्या ड्राइव्हवर टाकायचा हे निवडायची सोय होती. लोक इमानदारीने दुसरा ड्राइव्ह निवडायचे, आणि यूईएफआय मोडमध्ये इन्स्टॉलर ती निवड बाजूला ठेवून जे पहिलं ईएफआय पार्टिशन सापडेल त्यात ग्रब (लिनक्सचा बूटलोडर) टाकून मोकळा व्हायचा. ते पार्टिशन बहुतेक वेळा विंडोजच्या ड्राइव्हवरचं असायचं. विंडोजचा इन्स्टॉलरही काही वेगळा नाही. दुसऱ्या ड्राइव्हवर आधीपासून ईएफआय पार्टिशन दिसलं, तर तो आपला बूट मॅनेजर तिथेच ठेवू शकतो. विंडोज एका ड्राइव्हवर, त्याची किल्ली दुसऱ्यावर.

उपाय अगदी साधा आणि खात्रीचा: ज्या ड्राइव्हवर इन्स्टॉल करायचं नाही तो आधी काढा. डेस्कटॉपला साटा (केबलने जोडलेला) ड्राइव्ह असेल तर पॉवर सप्लाय बंद करून केबल उपसली की झालं. एम.२ (मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये थेट बसणारा) असेल तर एक स्क्रू काढायचा कंटाळा करू नका. काही मदरबोर्डवर बायोसमधूनच एखादा स्लॉट किंवा साटा पोर्ट बंद करता येतो, तेही चालतं. असं इन्स्टॉल केलं तर आधी विंडोज की आधी लिनक्स हा प्रश्नच उरत नाही. आधी विंडोज बसवायचं हा नियम एकाच डिस्कवर दोन्ही बसवणाऱ्यांसाठी आहे.

लॅपटॉप उघडणं शक्य नसेल, तर लिनक्स इन्स्टॉल करताना आपोआप पार्टिशन करू देऊ नका. मॅन्युअल पर्याय घ्या, नव्या ड्राइव्हवर ५१२ एमबी ते १ जीबीचं वेगळं ईएफआय पार्टिशन करा. तरीही इन्स्टॉलरवर विश्वास नसेल (माझा नाही), तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून इन्स्टॉल न करताच लिनक्स चालतं) बूट केल्यावर जीपार्टेड हा पार्टिशन सांभाळणारा प्रोग्रॅम उघडा आणि विंडोजच्या ईएफआय पार्टिशनवरचे ‘बूट’ आणि ‘ईएसपी’ हे दोन फ्लॅग (खुणा) तात्पुरते काढा. मग इन्स्टॉलरला ते पार्टिशन ईएफआय म्हणून ओळखूच येत नाही. काम झाल्यावर दोन्ही फ्लॅग परत लावायला विसरू नका.

नंतर पडताळणी करा. लिनक्समध्ये टर्मिनल उघडून ‘एलएसबीएलके’ ही कमांड दिली की ड्राइव्ह आणि त्यांची पार्टिशनं झाडासारखी दिसतात. त्यात एका ओळीच्या शेवटी ‘बूट/ईएफआय’ असं लिहिलेलं असेल. ती ओळ कुठल्या ड्राइव्हच्या खाली आहे ते पाहा. लिनक्सच्या ड्राइव्हखाली असेल तर ठीक. विंडोजच्या ड्राइव्हखाली असेल तर सिस्टीम आज चालतेय म्हणून गप्प बसू नका, आत्ताच दुरुस्त करा, कारण आत्ता दोन्ही सिस्टीम सुरू होत आहेत. ड्राइव्ह फॉरमॅट झाल्यावर हेच काम पेनड्राइव्हवरून, डोक्याला हात लावून करावं लागतं.

खरी परीक्षा मात्र एकच: एक ड्राइव्ह काढून दुसरा एकटा सुरू होतो का ते बघणं, मग उलट. यात एक खाच आहे. ड्राइव्ह काढलेला असताना मशीन सुरू केलं की काही मदरबोर्ड त्याची नोंद यादीतून पुसून टाकतात. ड्राइव्ह परत लावल्यावर विंडोज पुन्हा यादीत येतं, पण लिनक्स गायब! इथे घाबरून सगळं पुन्हा इन्स्टॉल करणारे बरेच आहेत. गरज नसते. सिस्टीम शाबूत आहे, फक्त यादीतली ओळ गेली आहे. बायोसमध्ये नवा बूट पर्याय जोडायची सोय असेल तर लिनक्सच्या ईएफआय पार्टिशनमधली शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) किंवा ग्रबची फाइल दाखवा. नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून ‘ईएफआयबूटएमजीआर’ या कमांडने नोंद परत करता येते.

नाव बघून ड्राइव्ह ओळखणं

दोन्ही ड्राइव्ह एकाच कंपनीचे आणि एकाच क्षमतेचे असतील तर हा धोका फार मोठा. विंडोजमधला ‘डिस्क ०’ म्हणजे लिनक्समधला पहिला ड्राइव्ह असेलच असं नाही. इतकंच काय, लिनक्समध्येही एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) ड्राइव्हचे ० आणि १ हे क्रमांक एका बूटपासून दुसऱ्या बूटला बदलू शकतात. काल जो शून्य होता तो आज एक. म्हणून क्रमांकावर जाऊ नका, मॉडेल आणि सीरियल नंबर ताडून पाहा. क्षमतेवरून ओळखत असाल तर १ टीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये सुमारे ९३१ जीबी दिसतो हे लक्षात ठेवा. नाहीतर ‘हा माझा नाहीच’ म्हणून भलताच ड्राइव्ह पुसला जायचा. लिनक्समध्ये एखादं पार्टिशन कायमचं जोडायचं असेल तर याच कारणाने एफएसटॅब या सेटिंग फाइलमध्ये नाव न लिहिता यूयूआयडी (पार्टिशनचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहा.

विंडोज सुरू झाल्यावर कधीकधी लिनक्सच्या ड्राइव्हबद्दल ‘फॉरमॅट करायचा का’ किंवा ‘इनिशियलाइज करायचा का’ असं विचारतं. त्याला तिथली फाइल सिस्टीम वाचता येत नाही, बाकी काही नाही. कॅन्सल करा.

इन्स्टॉलरमध्ये ड्राइव्हच दिसत नाही

ड्राइव्ह खराब आहे असं ठरवून परत पाठवायच्या आधी दोन गोष्टी बघा. पहिली, इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये स्टोरेज रेड, आरएसटी किंवा व्हीएमडी मोडमध्ये असतं. अशा वेळी लिनक्सच्या इन्स्टॉलरला आतला एनव्हीएमई दिसेलच असं नाही. बायोसमध्ये तो मोड बदलून एएचसीआय (ड्राइव्हशी बोलायची साधी पद्धत) करावा लागतो, पण थेट बदललात तर विंडोज निळा स्क्रीन दाखवून ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत बसेल. आधी विंडोजमध्ये पुढचं बूट सेफ मोडमध्ये होईल असं लावा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये मोड बदला, सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या, मग सेफ मोड काढून टाका. दुसरी गोष्ट डेस्कटॉपवाल्यांसाठी: बऱ्याच मदरबोर्डवर एखादा एम.२ स्लॉट भरला की ठरावीक साटा पोर्ट बंद पडतात. कुठले, ते मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. केबल दुसऱ्या पोर्टला लावा, ड्राइव्ह दिसू लागेल.

पेनड्राइव्ह चुकीच्या मोडमध्ये बूट करणं

बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो: एका नावापुढे यूईएफआय लिहिलेलं, दुसऱ्यापुढे नाही. घाईत दुसरा निवडलात तर लिनक्स जुन्या लेगसी पद्धतीने बसतं आणि विंडोज यूईएफआयवर राहतं. मग एकाच्या बूट मेनूतून दुसऱ्याकडे जाताच येत नाही. बायोसमधली सीएसएम ही लेगसी पद्धत चालू ठेवणारी सोय बंद करून टाका, म्हणजे चुकीचा पर्याय दिसणारच नाही.

बिटलॉकरची किल्ली हाताशी न ठेवता बायोसमध्ये शिरणं

माझ्या मते दुसऱ्या क्रमांकाची घातक चूक ही. बिटलॉकर ही ड्राइव्ह कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. आपण एन्क्रिप्शन कधी चालूच केलं नव्हतं असं अनेकांना वाटतं. पण नव्या विंडोज ११ मशीनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन केलं की ते आपोआप सुरू झालेलं असू शकतं. मग तुम्ही सिक्युअर बूट (फक्त मान्य सही असलेले बूटलोडर चालू देणारी सोय) बंद करता, बूटचा क्रम बदलता, आणि पुढच्या वेळी निळा स्क्रीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर त्या ड्राइव्हवरचा डेटा गेलाच समजा. म्हणून बायोसला हात लावण्याआधी सेटिंग्जमध्ये एन्क्रिप्शन चालू आहे का पाहा, रिकव्हरी की कागदावर उतरवा किंवा दुसऱ्या डिव्हाइसवर ठेवा, आणि काम होईपर्यंत बिटलॉकर सस्पेंड करा. की त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर सेव्ह करणारे महाभागही असतात.

सिक्युअर बूट बंदच करावं लागतं हा मात्र जुना समज. उबंटू आणि फेडोरा हे लिनक्सचे प्रकार सिक्युअर बूट चालू असताना व्यवस्थित बसतात. एनव्हीडियाच्या ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला लावतात आणि रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर तोच मागतात. ती पायरी ‘कंटिन्यू बूट’ दाबून ओलांडली की ड्रायव्हर चालत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मात्र विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने अनेकांच्या लिनक्सचा जुना शिम नाकारला, आणि ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ दाखवून मशीन बंद व्हायची. तो निर्बंध मदरबोर्डच्या मेमरीत जात होता, त्यामुळे वेगळा ड्राइव्ह असणाऱ्यांनाही त्यातून सुटका नव्हती.

ग्रबमध्ये विंडोज दिसत नाही म्हणून हैराण होणं

२०२१ मधल्या ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टीम शोधणारा ओएस-प्रोबर मूळ सेटिंगमध्येच बंद असतो. काही डिस्ट्रो (लिनक्सचे प्रकार) तो परत चालू करून देतात, काही नाही. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये तो चालू करून ग्रब अपडेट केलं की विंडोज येतं. पण ड्राइव्ह वेगळे असतील तर मी ते करायला सांगणार नाही. जी सिस्टीम रोज लागते ती बायोसमध्ये पहिली ठेवा, दुसरी हवी तेव्हा सुरू होताना बूट मेनूची कळ दाबा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, एमएसआयच्या बोर्डवर एफ११, असूसच्या बोर्डवर एफ८. ग्रबमधून विंडोज उघडलं तर बिटलॉकर पुन्हा की मागू शकतो, तो त्रासही वाचतो.

फास्ट स्टार्टअप चालू ठेवणं

विंडोज ‘शट डाउन’ केलं तरी या सोयीमुळे पूर्ण बंद होत नाही, अर्धवट हायबरनेट होतं, म्हणजे आपली अवस्था ड्राइव्हवर ठेवून झोपतं. मग लिनक्समधून ते पार्टिशन उघडायला गेलं की नुसतं वाचता येतं किंवा मुळीच उघडत नाही. जबरदस्तीने लिहायला गेलात तर फाइली बिघडू शकतात. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा, आणि मोठ्या अपडेटनंतर परत चालू झालंय का तेही बघा. दोन्हीकडून वापरायच्या फाइलींसाठी एक्सफॅट किंवा एनटीएफएसचं वेगळं पार्टिशन ठेवा. लिनक्सचं होम फोल्डर मात्र त्यावर नेऊ नका, परवानग्यांचा घोळ होतो.

घड्याळ प्रत्येक वेळी पुढेमागे होत असेल तर मशीन बिघडलेलं नाही. मदरबोर्डवरची वेळ विंडोज स्थानिक समजतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). लिनक्सला ‘टाइमडेटसीटीएल’ या कमांडने स्थानिक वेळ मानायला लावणं सोपं, विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल करून त्याला यूटीसीवर आणणं जास्त नीट. दोन्ही एकदम करू नका, फरक उलटा होईल. ब्लूटूथचा माउस किंवा हेडफोनही सिस्टीम बदलली की पुन्हा पेअर करावा लागतो, कारण पेअरिंगची की प्रत्येक सिस्टीम आपल्यापुरती ठेवते.

पुढे कधी लिनक्स नको झालं, तर आधी बायोसमध्ये विंडोज पहिलं आणा, ते त्याच्या ड्राइव्हवरून एकटं सुरू होतंय हे लिनक्सचा ड्राइव्ह काढून पाहा, आणि मगच तो पुसा. यादीत उरलेली लिनक्सची ओळ बायोसमधून काढली नाही तरी चालते.