घरच्या लाइट मशीनने केस काढताय? या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात माझी एक जुनी गिऱ्हाईक पार्लरमध्ये आली, कुर्त्याची बाही कोपरापर्यंत सारली आणि म्हणाली, "ताई, बघा की हे काय झालंय." मनगटापासून वरपर्यंत तपकिरी चौकोन उमटले होते. एकाशेजारी एक, कडा पट्टीने आखल्यासारख्या. सोलापुरी चादरीवर चौकडा असतो ना, तसा. मशीन ऑनलाइन मागवलेलं, पहिल्याच दिवशी सगळ्यात वरची लेव्हल लावलेली, आणि त्याच आठवड्यात भावाच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला बाई भर दुपारी जुळे सोलापूर ते बाळे स्कूटीवर हिंडलेली. सनकोट घरी खुंटीला.

मशीन बिघडलेलं नव्हतं. त्याने त्याचं काम चोख केलं होतं. ते काम काय असतं हेच बहुतेकींना कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून आधी तेवढं सांगते.

गिऱ्हाइकं सरसकट 'लेसर' म्हणतात, पण घरी वापरायची बहुतेक मशिनं आयपीएल, म्हणजे 'इंटेन्स पल्स्ड लाइट'ची असतात. (आमच्या घरी हा शब्द काढला की नवरा टीव्हीचा रिमोट शोधतो.) लेसरचा प्रकाश एकाच रंगाचा असतो, आयपीएलमध्ये कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा, अनेक रंग मिसळलेला झगझगीत झोत असतो. केसाला काळा रंग देणारं मेलॅनिन हा प्रकाश शोषून तापतं आणि ती उष्णता केसाच्या मुळाला जाऊन भिडते. शरीरातली नेमकी एकच गोष्ट तापेल असा प्रकाश निवडायचा, ही कल्पना अँडरसन आणि पॅरिश या दोन अमेरिकन संशोधकांनी १९८३ साली मांडली. पुढची सगळी मशिनं त्याच वाटेने आली.

गंमत अशी की मेलॅनिन कातडीतही असतं. मशीनला केस कळत नाही, गडद रंग कळतो. एवढं डोक्यात बसलं तरी निम्म्या चुका टळतात.

उन्हातला हात आणि बाहीतला हात

त्वचेच्या रंगाचे सहा प्रकार मानतात. फिट्झपॅट्रिक नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने १९७५ मध्ये ही पद्धत सुरू केली, आणि तसाच रंगांचा तक्ता मशीनच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात छापलेला असतो. घरगुती मशिनं साधारण चौथ्या, फार तर पाचव्या प्रकारापर्यंत चालतात. सहाव्याला नाही. आपल्याकडच्या बहुतेकजणी चौथ्या-पाचव्यातल्या, म्हणजे आधीच काठावर उभ्या. त्यात आपलं ऊन! एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो आणि स्कूटीच्या हँडलवरचे हात महिन्याभरात दोन छटा खाली उतरतात.

आता चूक कुठे होते बघा. तक्ता हातात घेऊन आपण दंडाच्या आतली, झाकलेली कातडी ताडून बघतो. कुणालाही स्वतःचा रंग जरा उजळच वाटतो म्हणा. तिथे चौथा नंबर निघतो, आणि त्याच लेव्हलने मनगटापर्यंत फ्लॅश मारत जातो. तुमची बाही जिथे संपते तिथे हाताचा रंग बदलतो, रेघ स्पष्ट दिसते. त्या रेघेच्या खाली लेव्हल उतरवायला हवी. ताजं रापलेलं असेल तर तिथे तीन-चार आठवडे मशीन नकोच.

काही मशिनं कातडीचा रंग स्वतः मोजतात आणि फार गडद जागी फ्लॅशच देत नाहीत. त्यातही काही एकदाच मोजतात, काही सतत मोजत राहतात. आपलं कुठलं ते आधी वाचून घ्या. एका कॉलेजच्या मुलीने सेन्सर फ्लॅश देईना म्हणून चक्क टाल्कम पावडर लावून बघितल्याचं मला सांगितलं, तेही मोठ्या हुशारीने. अगं, तो सेन्सर तुझ्याच बाजूने आहे!

प्रत्येक भागावर आधी एकच फ्लॅश, सगळ्यात खालच्या लेव्हलला, आणि मग चोवीस तास वाट. सावळ्या रंगाला मी दोन दिवस थांबा सांगते. पायावर चाललं म्हणजे काखेत चालेल असं नाही. काख, मांडीचा आतला भाग, मानेची मागची बाजू हे घासून आणि घाम साचून बऱ्याचजणींचे अंगापेक्षा काळे असतात. तिथे वेगळी परीक्षा.

सुरुवात कधी करायची, हे मला दर फेब्रुवारीत विचारतात, कारण लग्न मेमध्ये असतं. माझं उत्तर ठरलेलं: दिवाळीत सुरू करा, संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत फरक दिसेल. थंडीत बाह्या लांब, ऊन मऊ. तरीही उघड्या भागाला तीसच्या वरच्या एसपीएफचं सनस्क्रीन लावायचंच.

वॅक्सची सवय सुटत नाही

माझ्या धंद्यावर पाणी सोडून सांगते: हे मशीन चालू असेपर्यंत वॅक्स बंद. थ्रेडिंग, चिमटा, एपिलेटर, कटोरी वॅक्स, सगळं बंद. वॅक्समध्ये केस मुळासकट उपटून येतो. मग प्रकाश शोषणार कोण? रिकाम्या बिळापुढे सापळा लावल्यासारखं होतं. मी स्वतः हेच केलं होतं. नवं मशीन आणलं, 'आधी हात स्वच्छ करून घेऊ' म्हणून वॅक्स केलं आणि चौथ्या दिवशी फ्लॅश मारत बसले. महिनाभर मशीन आणि मी एकमेकींना दोष देत होतो. वॅक्स केलं असेल तर तीन-चार आठवडे थांबा, केस पुन्हा उगवू द्या.

करायचं ते शेव्हिंग. रेझरने वरचा केस जातो, आतला राहतो. तोच हवा असतो. 'रेझर फिरवला की केस दाट येतात' हे आजीपासून ऐकलंय, पण तसं होत नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला खरखरीत लागतं, एवढंच. उलट शेव्ह न करता फ्लॅश मारला की वरचा केस करपतो, खोलीभर वास सुटतो आणि कातडी भाजते ती वेगळी. क्रीमनेही केस जातात, पण कातडी हुळहुळी होते. त्याच दिवशी मशीन नको.

आपल्याकडे नळाला रोज पाणी कुठे येतं? म्हणून मी शेव्हिंग पाणी यायच्या दिवशी आणि मशीन दुसऱ्या दिवशी असं बांधून घेतलंय. त्यात एक फायदा झाला. रेझरचे बारीक ओरखडे रात्रीत बसतात. अंग टॉवेलने टिपायचं, आपला जाडजूड टेरी टॉवेल रगडायचा नाही. कातडी पूर्ण कोरडी हवी: खोबरेल नको, डिओ नको, अत्तर नको. दवाखान्यातले व्हिडिओ बघून काहीजणी थंड जेल चोपडतात. तिथल्या मशीनचं तंत्र वेगळं. घरची बहुतेक मशिनं कोरड्या कातडीसाठीच केलेली असतात, जेल लावलं की सेन्सर गोंधळतो.

तीळ, गोंदण, मेंदी

परत तेच, गडद रंग. तिळावर फ्लॅश मारला तर तीळ तापतो. टॅटूवर मारला तर फोड येतो. आमच्या सासूबाईंच्या हातावर हिरवं गोंदण आहे. त्यांना कुतूहल म्हणून सुनेचं मशीन हातावर टेकवून बघायचं होतं, मी हातातून काढूनच घेतलं. तीळ-चामखीळ पांढऱ्या पेन्सिलने झाकून सुरक्षित होत नाही, ती जागाच सोडून द्यायची. मेंदी ताजी असेल तर पूर्ण उतरेपर्यंत थांबा. नवरीच्या मेंदीच्या दुसऱ्या दिवशी 'हात राहिलाय' म्हणून मशीन काढणारीही मी बघितली आहे.

चेहरा

इथे मी कडक आहे. मशीन चेहऱ्याला चालतं असं माहितीपत्रकात लिहिलं असेल तरच, त्याच्याच चेहऱ्याच्या छोट्या खिडकीने (प्रकाश बाहेर पडतो ती काच), गालाच्या हाडाच्या खाली. भुवई आणि डोळ्यांच्या आसपास कधीच नाही, डोळे मिटूनसुद्धा नाही. पुरुषांच्या दाढीसाठी ही मशिनं सहसा नसतात. दाढीचे केस दाट आणि काळेभोर, खाली चटका बसतो.

हनुवटीवर, मानेवर राठ केस येत असतील आणि पाळीही अनियमित असेल, तर आधी डॉक्टर. पीसीओडी असेल तर आतून हार्मोन नवे केस उगवत राहतात आणि मशीन वरून किल्ला लढवत बसतं. शिवाय एक उलटा प्रकार ओळखीचा आहे: चेहऱ्यावर आणि मानेवर, विशेषतः आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर, प्रकाशाने कधीकधी बारीक लव जाड होते, नसलेल्या ठिकाणी केस दिसू लागतात. फक्त लव असेल तर हात लावू नका. आहे ते बरं आहे.

आणखी काही बाबतीत मशीन खोक्यातच राहू द्या: गरोदरपण, फिट येण्याचा इतिहास, ल्युपस (उन्हाने बळावणारा आजार), मुरुमांसाठी चालू असलेली आयसोट्रेटिनॉइन किंवा डॉक्सिसायक्लिन. या गोळ्यांनी कातडी नाजूक होते किंवा प्रकाशाला चटकन चिडते. गोळी बंद केल्यावर किती थांबायचं ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. आणि नववीतल्या लेकीसाठी मशीन विचारणाऱ्या आयांनो, बरीच मशिनं अठरा वर्षांखाली वापरायची नसतात. शाळेत कुणी हसलं असेल तर रेझर पुरे.

घाई

रोज मारल्याने केस लवकर जात नाहीत. प्रत्येक केस कधी वाढत असतो, कधी विश्रांतीत असतो, आणि वाढणाऱ्या केसावरच प्रकाश नीट लागू पडतो. एका वेळी सगळे केस वाढीत नसतात, म्हणून मशीन वापरायच्या खेपा ठरवलेल्या असतात: काही मशीनला आठवड्याने, काहींना पंधरा दिवसांनी, पुढे महिन्या-दोन महिन्यांनी. एकाच जागी दोनदा फ्लॅश नको. पहिल्या खेपेनंतर आठ-पंधरा दिवसांत केस वाढल्यासारखे दिसतात. बरेचसे गळण्यासाठी वर येत असतात. 'कायमचे गेले' असं मात्र होत नाही. मशीन सोडलं की हळूहळू परत येतात.

फ्लॅशच येत नसेल

पहिलं कारण, खिडकी कातडीवर सपाट टेकलेली नाही. नडगी, घोटा, गुडघा इथे हमखास. गुडघा वाकवा, कातडी ताणा, घोट्याला छोटी खिडकी लावा. दुसरं, मशीन तापलंय. मे महिन्यात दुपारी दोनला पत्र्याच्या खोलीत पंखा बंद करून बसलात तर ते मधेच थांबणारच, सकाळी करा. तिसरं, काचेवर जळक्या केसांची काजळी. मशीन बंद करून, गार होऊ देऊन मऊ कोरड्या कापडाने पुसा. काचेला तडा दिसला तर वापर तिथेच बंद.

मारल्यावर थोडी लाली आणि उष्णता काही तास राहते, ते ठीक. फोड आला, डाग उमटला, दुसऱ्या दिवशीही आग होत असेल तर गार पाणी आणि त्वचेचे डॉक्टर. टूथपेस्ट, लिंबू, हळद यातलं काहीही नाही. त्या चौकड्याच्या हातावर आधी लिंबू चोळलं होतं, म्हणून डाग आणखी गडद झाले आणि फिकट व्हायला दसरा उजाडला.

आता माझंच सांगते. हात-पाय बऱ्यापैकी आटोक्यात आलेत, पण हनुवटीवर दोन केस आहेत, पिकलेले. पांढरा केस मशीनला दिसतच नाही. तेवढ्यासाठी पार्लरमधल्या पोरीपुढे मान वर करून बसते, ती दोरा दातात धरते आणि दोन सेकंदांत काम उरकते.