आईचे गुडघे आणि जायफळाचं तेल

पावसाळा लागला की इथे फोंड्यात आईचे गुडघे आखडतात. जायफळ कुळागरातलं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतलं, घरचंच. पण उगाळून लावलेला लेप ओल्या हवेत सुकता सुकत नाही. म्हणून बाटलीतलं सुगंधी तेल आणलं. वाफेवर काढलेलं हे तेल फार तीव्र, थेट त्वचेवर लावायचंच नाही. 30 मिली खोबरेलात 6 थेंब, म्हणजे साधारण एक टक्का. आधी मनगटावर लावून दिवसभर पाहिलं, मग रात्री हलक्या हाताने मालिश. छान ऊब येते, आईला पायऱ्या उतरणं सोपं जातं. सांध्यांची झीज मात्र याने भरत नाही. डॉक्टरांनी दिलेले व्यायाम चालूच आहेत. पोटात हे तेल अजिबात घेऊ नका: त्यातलं मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य जास्त झालं तर भ्रम होतो, छातीत धडधडतं. गरोदर बायकांनी तर लावायलाही टाळावं.