‘स्टेअरवे टू हेवन’चा सोलो: आधी गळ्यात, मग बोटांत

महाविद्यालयाच्या गॅदरिंगमध्ये मी ‘स्टेअरवे टू हेवन’ या इंग्रजी रॉक गाण्यातला गिटारचा सोलो, म्हणजे गिटारने पुढे येऊन वाजवायचा तुकडा, पहिल्यांदा वाजवला, तेव्हा तो मूळ ध्वनिमुद्रणापेक्षा बराच आधी संपला. कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरगुच्छ) धरणारा मित्र अजून आवर्तनाच्या मध्यावर होता आणि मी हात खाली घेऊन उभा होतो. चार महिने मी इंटरनेटवरून उतरवलेल्या टॅबमधले, म्हणजे कोणती तार कुठे दाबायची ते सांगणाऱ्या लिपीतले, आकडे पाठ केले होते. मात्रा मोजायच्या तेवढ्या राहून गेल्या होत्या. म्हणून हा सोलो नव्याने शिकू पाहणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे की, गिटार बाजूला ठेवून तो आधी तोंडाने म्हणावा. मी पुढे तीन आठवडे तेच केले आणि घरच्यांनी ते सोसले.

लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या नोव्हेंबर १९७१ मध्ये आलेल्या चौथ्या अल्बममधले हे गाणे आठ मिनिटांचे आहे आणि सहावे मिनिट सरता सरता त्यात सोलो सुरू होतो. छायाचित्रांत बँडचा गिटारवादक जिमी पेज याच्या गळ्यात दोन मानांची गिब्सन गिटार दिसते, कारण रंगमंचावर एकाच गाण्यात बारा तारांची आणि सहा तारांची अशा दोन्ही गिटार त्याला लागत; स्टुडिओत हा सोलो मात्र त्याने गिटारवादक जेफ बेककडून भेट मिळालेल्या टेलिकास्टर या दुसऱ्याच गिटारवर वाजवला होता. तेव्हा गिटार कोणती घ्यावी, या चर्चेत फार दिवस घालवू नयेत.

सोलोच्या मागे ए मायनर, जी आणि एफ हे तीन कॉर्ड फिरत राहतात आणि वरचे बहुतेक स्वर ए मायनर पेंटाटॉनिक या पाच स्वरांच्या मालेतले आहेत. ए हा षड्ज धरला तर ते सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी असे होतात, म्हणजे आपल्या धानी रागाचेच स्वर. थोडीफार पेटी शिकलेल्याला ही ओळख फार उपयोगी पडते. (पेज आणि बँडचा गायक रॉबर्ट प्लँट १९७२ मध्ये मुंबईत आले असताना याच अल्बममधले ‘फोर स्टिक्स’ त्यांनी इथल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रित करून पाहिले होते, पण म्हणून या सोलोत राग शोधू नये, त्याचे मूळ ब्लूज या अमेरिकी संगीतप्रकारातच आहे.) या पाच स्वरांत न बसणारा एफ, म्हणजे कोमल धैवत, पेज एफ कॉर्डवर नेमका घेतो. मी तो टॅबमधली छपाईची चूक समजून चक्क गाळला होता. माझ्या मते सोलोतली हुरहूर बव्हंशी त्या एका स्वरात आहे. गिटारच्या मानेवरच्या पाचव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे धातूची आडवी पट्टी) हात ठेवला की तो दुसऱ्या तारेवर सहाव्या फ्रेटवर सापडतो. कोणीतरी मागे कॉर्ड वाजवत असताना तो एकच स्वर वाजवून पाहावा, म्हणजे मी काय म्हणतो ते कानाला कळेल.

नवशिक्याचा खरा कस मात्र बेंडमध्ये, म्हणजे तार ओढून सूर चढवण्यात, लागतो. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटवरचा डी ओढून ई करायचा असतो, आणि तो किंचित जरी कमी पडला तरी सगळे वाक्य बेसूर होते. मी सुरुवातीला एकट्या अनामिकेने तार ढकलत असे. आठवडाभरात मनगट दुखू लागले. अनामिकेमागे मधले बोट आणि तर्जनी टेकवून, अंगठा मानेवरून थोडा वर आणून आणि मनगट किल्ली फिरवल्यासारखे वळवून तार ओढली की जोर निम्मा लागतो. सूर तपासण्यासाठी आधी दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटवरचा ई वाजवावा, तो मनात धरावा आणि मग डी ओढून त्याला जाऊन मिळवावा, अगदी तंबोऱ्याशी सा मिळवतात तसा. हा सराव डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारी सोय) बंद ठेवूनच करावा, कारण त्या गुरगुरीत स्वतःची चूक स्वतःलाच ऐकू येत नाही.

लयीबाबत एक अडचण मला उशिरा उमगली. हे गाणे पुढे सरकते तशी त्याची लय वाढत जाते, त्यामुळे एकाच आकड्यावर लावलेला मेट्रोनोम (ठेका देणारे यंत्र) मूळ गाण्याशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत जुळत नाही. मी फक्त सोलोचा भाग कापून घेतला, तो अर्ध्या वेगाने ऐकला आणि एकेक वाक्य पायाने ठेका धरून बसवले. उत्तरार्धात एक छोटा तुकडा वेगाने पुन्हा पुन्हा येतो. तिथे बहुतेक जण अडतात आणि मीही दोन महिने अडलो होतो. तिथे उजव्या हाताची घाई कमी करून डाव्या हाताच्या पुल-ऑफवर (दाबलेले बोट तार छेडत उचलण्यावर) भिस्त ठेवल्यावरच तो सुटला.

प्रत्येक स्वर जसाच्या तसा यावा, हा हट्ट मी आता सोडला आहे. पेजने स्टुडिओत तीन वेळा उत्स्फूर्तपणे वाजवून त्यातला एक निवडला होता आणि मैफलींत तो दर वेळी वेगळेच काही वाजवत असे. शेवटचे वाक्य संपते तिथे प्लँटचा आवाज वर चढतो. आमच्यात त्या पट्टीत गाणारा कोणी नाही, त्यामुळे मी तिथे पोहोचलो की मित्राबरोबर ए मायनर, जी, एफ वाजवत राहतो आणि दोघेही थांबण्याची खूण एकमेकांकडून मिळण्याची वाट पाहतो.