ऑथेल्लोचा रुमाल धरून नाटकातली प्रतीकं कशी शोधायची

जुनी शोकांतिका वाचायला घेतली की पोरं पहिलं विचारतात, यातली प्रतीकं कुठली तेवढी सांगा, आणि मग लाल म्हणजे रक्त, अंधार म्हणजे पाप अशी यादी पाठ करून मोकळी होतात. त्या यादीचा काडीचा उपयोग नाही. मी सांगलीत हौशी नाटकांत प्रॉपर्टीचं बघतो, म्हणजे तलवार, पत्र, कंदील, पानाचा डबा वेळेवर विंगेत पोचवायचं काम, त्यामुळं माझी पद्धत जरा हमालाचीच आहे. एक वस्तू धरायची आणि ती कुणाच्या हातातनं कुणाच्या हातात जाते तेवढं बघत बसायचं.

शेक्सपिअरचं ऑथेल्लो घेऊ, बायकोवर संशय घेऊन तिला मारणाऱ्या सेनापतीची गोष्ट. आपल्याला ते तसं परकं नाही, नाटककार गोविंद बल्लाळ देवल मूळचे आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरचे, आणि त्यांनी १८९० मधे ऑथेल्लोवरनंच झुंझारराव लिहिलं.

पहिल्यांदा वाचताना पेन्सिल लांब ठेवा, नुसती गोष्ट वाचा. दुसऱ्यांदा वही घ्या आणि तीन रकाने पाडा: वस्तू कुणाकडं आहे, त्याला ती काय वाटते, पुढं कुणाकडं जाते. आता रुमालाचा प्रवास लिहा. ऑथेल्लोच्या बायकोला, डेस्डिमोनाला, तो नवऱ्याची पहिली भेट म्हणून जिवापाड. तिसऱ्या अंकात ऑथेल्लोचं डोकं दुखतंय म्हणून ती त्याच्या कपाळाला बांधायला जाते, तो म्हणतो लहान आहे हा, आणि रुमाल खाली पडतो. तिची दासी एमिलिया उचलते, कारण तिचा नवरा इयागो कधीपासनं मागं लागलाय. तिच्यासाठी नवऱ्याची मर्जी, एवढंच. इयागोसाठी ऑथेल्लोच्या मनात संशय पेरायचं हत्यार. तो रुमाल ऑथेल्लोच्या हाताखालच्या कॅसिओच्या खोलीत टाकतो, कॅसिओला फक्त नक्षी आवडते, तशीच काढून दे म्हणून तो आपल्या मैत्रिणीला, बियांकाला देतो, आणि बियांकाला त्यात दुसऱ्या बाईचा वास येतो. शेवटी लांबनं बघणाऱ्या ऑथेल्लोला तो पुरावा वाटतो. कापड एकच, हात सहा, आणि रकान्यात प्रत्येकापुढं वेगळं काहीतरी लिहिलेलं. माझ्या मते नाटकाचं मर्म इथंच आहे, कापडाला स्वतःचं काहीच म्हणायचं नसतं.

आता वही मिटायच्या आधी एक गोष्ट जवळनं बघा. रुमाल पडतो तेव्हा ऑथेल्लो स्वतःच म्हणतो, राहू दे तो. आणि पुढच्याच प्रवेशात बायको दुसऱ्याच विषयावर बोलतीये आणि हा आपला रुमाल, रुमाल करत सुटतो. ही दोन पानं शेजारी ठेवून मोठ्यानं वाचा, मनातल्या मनात वाचून ते कळत नाही.

अजून एक, वस्तूबद्दल सांगितलेली गोष्ट बदलते का ते तपासायचं. तिसऱ्या अंकात ऑथेल्लो बायकोला सांगतो की हा रुमाल एका इजिप्शियन बाईनं माझ्या आईला दिला, त्यात जादू आहे, दोनशे वर्षांच्या म्हातारीनं विणलाय वगैरे. पाचव्यात म्हणतो बाबांनी आईला दिला होता. मग खरं कुठलं? घाबरवायला रचलं का त्याचा स्वतःचाच विश्वास होता? याचं एक उत्तर नाही, पण परीक्षेत हा प्रश्न नुसता मांडलात तरी गाईडवाल्यांच्या पुढं जाल.

रंगाचं शेवटी घ्या, आधी नको. त्या रुमालावर स्ट्रॉबेरीची नक्षी आहे, आपल्याला स्ट्रॉबेरी म्हटलं की महाबळेश्वरचा डबा आठवतो, पण तिथं कापडावर लाल ठिपके, आणि मरायच्या रात्री डेस्डिमोना लग्नातल्याच चादरी पलंगावर घालायला सांगते. रुमाल आणि लग्नाची चादर जोडणारा हा धागा बरेच टीकाकार पकडतात आणि पटतोही, फक्त नाटकातनं तो दाखवता आला पाहिजे, नुसतं लाल म्हणजे रक्त असं लिहून सुटका नाही.

जमलं तर मूळ गोष्टही बघा. इटालियन लेखक चिंथिओच्या १५६५ च्या कथेत इयागोच्या जागचा माणूस स्वतः रुमाल चोरतो, त्याची लहान मुलगी डेस्डिमोनाच्या कडेवर असताना. शेक्सपिअरनं चोरी काढून टाकली आणि रुमाल आपोआप पाडला, आणि सगळा फरक तिथंच पडला.

तालमीत एकदा आमच्या ऑथेल्लोनं सवयीनं तो रुमाल उचलून खिशात घातला. एमिलिया स्टेजवर वाकली, खाली काहीच नाही, हवेतलंच काहीतरी उचलून ती निघाली आणि आम्ही हसून बेजार. चूक माझीच, रोजच्या रुमालासारखा साधा पांढरा दिला होता. दुसऱ्या दिवशी मारुती रोडवरनं हातभर मोठा आणला, मग शेवटच्या रांगेतनंही दिसायला लागला. सांगायचं म्हणजे वाचतानासुद्धा विचारायचं, हे स्टेजवर दिसतं का? दिसत नसेल, नुसतं बोलण्यात येत असेल, तर ती प्रतिमा, आणि तिला दुसरं पान द्या. इयागो सारखा माणसांना जनावरांच्या नावानं बोलतो, ते त्या पानावर जाईल.

रुमाल झाला की दिवा घ्या. पहिल्याच प्रवेशात अंधारात झोपमोड झालेला डेस्डिमोनाचा म्हातारा बाप उजेड आणा म्हणून ओरडतो, शेवटच्यात नवरा दिवा घेऊन झोपलेल्या बायकोपाशी येतो आणि म्हणतो आधी हा विझवतो, मग तो, म्हणजे तिचा जीव. मधे दिवा कुणाकुणाकडं येतो ते तुम्ही शोधा, रकाने तेच तीन.