लॉगिन होतं, पण यादी येत नाही: लिनक्स सर्व्हरवर अडलेली फाइल कशी सोडवायची

दिवाळी अंकांचे दिवस आले की छापखान्यांचे फोन रात्री उशिरापर्यंत वाजतात. "ताई, फाइल जात नाहीये." पुण्यातल्या काही छापखान्यांचे लिनक्स सर्व्हर मी सांभाळते. त्यांवर फाइली दोन पद्धतींनी चढतात: एफटीपी ही जुनी पद्धत, आणि एसएफटीपी, म्हणजे एसएसएच या कुलूपबंद जोडणीतून फाइल पाठवणं. प्रकाशकाकडून निघालेली पानं प्लेट काढणाऱ्यापर्यंत नीट पोचवायची, ही माझी जबाबदारी. फोनवर मी आधी दोनच गोष्टी विचारते: लॉगिन झालं का, आणि झालं असेल तर फोल्डरची यादी दिसतेय का? जोडणीच न होणं, पासवर्ड नाकारला जाणं, यादी न येणं आणि फाइल मध्येच तुटणं या चार निरनिराळ्या तक्रारी आहेत. "जात नाहीये" या दोन शब्दांत चारही बसतात. त्यामुळे कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी गाडी नेमकी कुठे अडली ते ठरवा.

जोडणीच होत नसेल तर समोरच्याला पडद्यावरचा संदेश अक्षरशः वाचून दाखवायला सांगा. "कनेक्शन रिफ्यूज्ड" आलं तर बहुतेक वेळा यंत्र सापडलेलं असतं, पण त्या पोर्टवर (यंत्राच्या त्या नंबरच्या दारावर) ऐकणारं कुणी नसतं. अशा वेळी सर्व्हरवर "एसएस -टीएलएनपी" चालवून २१ (एफटीपी) किंवा २२ (एसएफटीपी) नंबर दिसतोय का पाहा. नुसतं "टाइमआउट" येत असेल तर पॅकेट वाटेत गिळलं जातंय, म्हणजे बहुतेक वेळा फायरवॉल, नको ती जोडणी अडवणारी भिंत. "नो रूट टू होस्ट" वाचून लोक केबल तपासत बसतात. फायरवॉलडीने, म्हणजे लिनक्सवर फायरवॉल सांभाळणाऱ्या प्रोग्रामने, नकार कळवला तरी क्लायंटला (फाइल पाठवणाऱ्याच्या प्रोग्रामला) हेच दिसतं, तेव्हा तिथेही बघा. सर्व्हर क्लाउडवर असेल तर भिंती दोन असतात, एक लिनक्सची आणि एक क्लाउड कंपनीच्या पॅनलमधली. दुसरी हमखास विसरली जाते.

लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, मात्र लगेच उघडा. माझ्याकडे एफटीपीचं काम व्हीएसएफटीपीडी हा प्रोग्राम करतो; "जर्नलसीटीएल -यू व्हीएसएफटीपीडी -एफ" चालू ठेवून समोरच्याला पुन्हा प्रयत्न करायला सांगा. एसएसएचचं युनिट उबुंटूवर "एसएसएच" आणि रेड हॅटच्या घराण्यात "एसएसएचडी" या नावानं असतं. व्हीएसएफटीपीडीचं अख्खं संभाषण वाचायचं असेल तर त्याच्या सेटिंगच्या फाइलीत "लॉग_एफटीपी_प्रोटोकॉल" यस करा आणि "एक्सफरलॉग_एसटीडी_फॉरमॅट" नो करा. काम झालं की पहिलं परत बंद करा, नाहीतर लॉग भराभर फुगतो.

आता सगळ्यात जास्त छळणारा प्रकार. लॉगिन होतं, पासवर्ड स्वीकारला जातो, आणि यादी मागितली की सगळं ठप्प. त्याचं मूळ एफटीपीच्या रचनेतच आहे. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले अभय भूषण यांनी एमआयटीत असताना १९७१ साली या प्रोटोकॉलचा पहिला मसुदा लिहिला. एफटीपीत बोलण्याची वाट एक आणि माल नेण्याची वाट दुसरी. बोलणं २१ नंबरच्या पोर्टवर होतं. पॅसिव्ह मोडमध्ये (हल्ली बहुतेक क्लायंट हाच वापरतात) मालासाठी सर्व्हर दर वेळी नवा पोर्ट उघडतो आणि तो क्लायंटला कळवतो. यादीसुद्धा मालाच्याच वाटेनं येते. म्हणून लॉगिन होऊनही यादी अडते.

सर्व्हरच्या प्रत्येक उत्तराला तीन आकडी नंबर असतो; क्लायंटच्या खिडकीत २२७ नंबरचं उत्तर शोधा. त्यात सहा आकडे असतात, उदाहरणार्थ १०,०,०,५,१९५,८८. पहिले चार म्हणजे पत्ता. पाचव्याला २५६ नं गुणून त्यात सहावा मिळवा: १९५ गुणिले २५६ म्हणजे ४९,९२०, अधिक ८८, झाला ५०,००८ नंबरचा पोर्ट. या उदाहरणात दोष पत्त्यातच दिसतो. १०.०.०.५ हा आतल्या नेटवर्कचा पत्ता आहे, बाहेरचा माणूस तिथे कसा पोचणार? काही क्लायंट हुशारीनं तो पत्ता सोडून देतात, सगळे नाही. म्हणून व्हीएसएफटीपीडीच्या सेटिंगमधल्या "पीएएसव्ही_ॲड्रेस" मध्ये सर्व्हरचा सार्वजनिक पत्ता लिहा. मग "पीएएसव्ही_मिन_पोर्ट" ५०००० आणि "पीएएसव्ही_मॅक्स_पोर्ट" ५०१०० असा पट्टा ठरवा, आणि तोच पट्टा दोन्ही भिंतींत उघडा.

टीएलएस, म्हणजे एफटीपीचं संभाषण कुलूपबंद करणारी सोय, चालू केल्याच्या दिवसापासून यादी थांबली असेल, तर कारण बहुतेक वेळा तेच असतं. लिनक्सची फायरवॉल एफटीपीचं संभाषण वाचून योग्य पोर्ट आपणहून उघडू शकते, त्यासाठी कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) खास मॉड्यूल आहे. संभाषण कुलूपबंद झालं की त्या मॉड्यूलला काही वाचता येत नाही. अशा वेळी ठरलेला पट्टा उघडणं हाच मार्ग. टीएलएस काढून टाकू नका, पासवर्ड उघड्यावर जातात.

पासवर्ड बरोबर असून ५३० (लॉगिन नाकारलं) येत असेल तर त्या वापरकर्त्याचं शेल, म्हणजे लॉगिननंतर त्याच्यासाठी चालणारा प्रोग्राम, बघा. "नोलॉगिन" दिलेलं असेल आणि ते "/ईटीसी/शेल्स" च्या यादीत नसेल, तर पॅम (लिनक्सची लॉगिन तपासणारी व्यवस्था) त्याला दारातूनच परत पाठवतं. "५०० ऊप्स" आणि पुढे रायटेबल रूटबद्दल (म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरात लिहिता येण्याबद्दल) तक्रार आली, तर ज्या फोल्डरात वापरकर्त्याला कोंडलंय ते त्याला लिहिण्याजोगं ठेवू नका. आत "अपलोड" नावाचं फोल्डर करून त्याची मालकी त्याला द्या.

५५० आणि ५५३ (फाइल लिहायला नकार) दिसलं की पुष्कळ जण सीएचमॉड ७७७ करून, म्हणजे फोल्डर सगळ्यांना सताड उघडं ठेवून, मोकळे होतात. कृपा करून असं करू नका. त्या सर्व्हरवर दुसऱ्या लेखकांची, दुसऱ्या प्रकाशकांची न छापलेली पानं असतात. आधी "राइट_एनेबल" यस आहे ना ते बघा, व्हीएसएफटीपीडीत ते मुळात नो असतं. मग "नेमआय -एल" ला पूर्ण मार्ग द्या. वरपासून खालपर्यंत प्रत्येक फोल्डरची परवानगी एकाखाली एक दिसते आणि अडलेली पायरी लगेच सापडते. परवानग्या ठीक असतील तर एसईलिनक्स, म्हणजे फाइलींवरची लेबलं बघून अडवणारी लिनक्सची जादा राखण. "ऑसर्च -एम एव्हीसी -टीएस रीसेंट" त्याचे ताजे नकार दाखवतं. फोल्डर दुसरीकडून "एमव्ही" नं आणलं असेल तर जुनं लेबल बरोबर येतं, "रीस्टोअरकॉन -आर" नं ते सुधारतं. एसईलिनक्स कायमचं बंद करण्याची गरज मला आजवर पडलेली नाही.

एसएफटीपी एकाच पोर्टवर चालतं, त्यामुळे वरची अर्धी दुखणी तिथे नाहीत. नवीन ग्राहकाला मी तेच देते. त्याचे हट्ट वेगळे. "क्रूटडिरेक्टरी" (वापरकर्त्याला ज्यात कोंडायचं ते फोल्डर) पर्यंतचं प्रत्येक फोल्डर रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या, मालकीचं हवं आणि गटाला किंवा इतरांना तिथे लिहिता येता कामा नये. एका पायरीवर जरी चूक असली तरी जोडणी होते आणि क्षणात तुटते. लॉगमध्ये "बॅड ओनरशिप ऑर मोड्स" दिसेल.

"रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग १४६६२६४६७५" असा संदेश आला तर फाइल मोठी आहे असं समजू नका. तो आकडा म्हणजे इंग्रजी "वेलकम" ची पहिली चार अक्षरं आहेत. कुणीतरी बॅशआरसीत (लॉगिन झाल्यावर आपोआप चालणाऱ्या फाइलीत) स्वागताची ओळ छापायला ठेवलीय आणि क्लायंट ती लांबी म्हणून वाचतोय. ती ओळ काढा.

एससीपी (एसएसएचवरून फाइल नकलण्याची आज्ञा) अचानक बंद पडलं तर दोन्हीकडची ओपनएसएसएच (एसएसएचचा प्रोग्राम) आवृत्ती विचारा. ९.० पासून, म्हणजे २०२२ पासून, एससीपी आतून एसएफटीपीच वापरतं. पलीकडच्या जुन्या यंत्रावर ती सोय नसेल तर मोठ्या ओ चा पर्याय देऊन जुनी पद्धत वापरता येते.

फाइल मध्येच तुटत असेल तर "डीएफ -एच" आणि "डीएफ -आय" दोन्ही बघा. डिस्कवर जागा असते पण आयनोड (प्रत्येक फाइलीला लागणारी नोंदीची जागा) संपलेले असतात, हे लहान लहान फाइलींच्या सर्व्हरवर घडतं. एसएफटीपी अशा वेळी नुसतं "फेल्युअर" म्हणतं.

फाइल पोचली, असं क्लायंट म्हणाला तरी दोन्हीकडे "एसएचए२५६सम" (फाइलच्या बोटांचा ठसाच जणू) काढून जुळवा. जुळत नसेल तर एफटीपी आस्की मोडमध्ये (साध्या मजकुरासाठीचा, ओळींची टोकं बदलणारा) नाही ना ते तपासा, पीडीएफ बायनरीतच पाठवायची. आणि पाठवणाऱ्याला सांगून ठेवा की चढवताना फाइलच्या नावापुढे "पार्ट" लावायचं आणि पूर्ण चढल्यावरच खरं नाव द्यायचं. प्लेट काढणारा रात्री दोन वाजता फोल्डर उघडतो तेव्हा अर्धवट फाइल त्याच्या हाती लागत नाही.