व्हॅनच्या चिमट्याचे बुश: जॅक लावण्याआधी टेप लावा

चिमटा, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा लोअर आर्म. त्याच्या सांध्यातले बुश, म्हणजे दोन धातूच्या नळ्यांमध्ये रबर असलेले तुकडे, घरच्या घरी बदलायचे असतील तर जॅक सरकवण्याआधी मोजायची टेप हातात घ्या. गाडी सपाट जागेवर, रिकामी, चारही टायरांत हवा बरोबर. पुढच्या दोन्ही चाकांच्या हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर मोजा. मडगार्डवरच मास्किंग टेप चिकटवून आकडा तिच्यावर लिहा. कागदावर नको, कागद कुठेतरी जातो. कारण पुढे सांगतो, पण मोजायचं आत्ता.

आता दोष खरंच बुशचा आहे का ते बघा. गतिरोधकावर पुढून खट् आवाज, ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढते, हायवेला स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं, टायर आतल्या कडेने झिजतो. यातला खट् आवाज लिंक रॉडचा, बॉल जॉइंटचा किंवा स्ट्रटच्या, म्हणजे पुढच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या, माउंटिंगचाही असतो, म्हणून नुसत्या आवाजावर पैसे घालवू नका. टॉमी (लोखंडी पहार) अडकवून चिमटा पुढेमागे रेटा. रबर बुशच्या नळीपासून सुटलेलं दिसलं किंवा भेग खोल गेली असेल तर बदला. वरवरच्या केसासारख्या भेगांना घाबरायचं कारण नाही. आपल्याकडे ही तपासणी पावसाळ्याआधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा व्हायलाच हवी. घरची सगळी माणसं भरून नांदुरीहून सप्तशृंगी गडावर किंवा कसारा घाटात व्हॅन न्यायची, खड्डे खात परत आणायची आणि बुशकडे बघायचंच नाही, हे बरोबर नाही.

सामान: पाने, जॅक, दोन घोड्या (जॅक स्टँड), चाकाला उटी (अडसर), हे वेगळं सांगायला नको. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. बुश दोन्ही बाजूंचे घ्या, एका बाजूचा नवा आणि दुसऱ्या बाजूचा थकलेला चालत नाही. लॉक नट नवे घ्या. दुकानात गाडीचं मॉडेल आणि साल सांगा, जुना नमुना सोबत न्या. ईकोला पुढे स्ट्रट आणि मागे सलग अ‍ॅक्सल. ओम्नीला मागे कमानपाटे, त्यांना गाडीशी जोडणाऱ्या शॅकलचे बुश निराळे. पीयूचे (पॉलियुरेथेनचे) बुश टिकतात, पण कडक असतात, खड्ड्याचा दणका आणि आवाज आत पोचवतात. घरच्या गाडीला रबरच बरं. चिमटा गंजला असेल किंवा बॉल जॉइंटही गेला असेल तर बुशसकट अख्खा चिमटा घ्या, मजुरी वाचते.

चिमटा काढला की जुन्या बुशची दिशा ऑइलपेंटने आखून ठेवा. काही बुशांच्या रबरात पोकळ्या असतात, त्या ठरावीक दिशेलाच बसल्या पाहिजेत. जुना बुश जाळून काढू नका, धूर घातक असतो. हातोडीने ठोकून नवा बसवू नका, बाहेरची नळी वाकडी होते. प्रेस (दाबयंत्र) नसेल तर नाशिकच्या सातपूर-अंबडकडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये बसवून घ्या. घुसवायला साबणाचं पाणी पुरे. ग्रीस, ऑइल रबराला लावू नका, रबर फुगतं.

आता तो आकडा. या बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. चिमटा वरखाली होतो तेव्हा आतली नळी फिरत नाही, मधलं रबर पिळलं जातं आणि परत येतं. गाडी उचललेली, चाक लोंबकळतंय आणि तुम्ही बोल्ट आवळलात, तर ती लोंबती स्थितीच रबराची सरळ स्थिती ठरते. गाडी खाली उतरवताच रबर पिळून बसतं आणि उभ्या गाडीतही पिळलेलंच राहतं. वरून प्रत्येक खड्डा त्याला आणखी पिळतो. गेल्या खेपेला माझ्याकडून हेच झालं, नवे बुश पावसाळा संपायच्या आत फाटले. म्हणून बोल्ट आधी नुसते हाताने बसवा. मग चिमट्याच्या चाकाकडच्या, म्हणजे बॉल जॉइंटकडच्या टोकाखाली जॅक लावून हळूहळू उचला, हबपासून मडगार्डपर्यंत मास्किंग टेपवर लिहिलेला आकडा येईपर्यंत. गाडी घोडीवरून उचलली जातेय असं वाटलं तर तिथेच थांबा, चाकं लावून गाडी खाली घ्या, पुढेमागे ढकलून बसू द्या आणि हाताने बसवलेल्या बोल्टांवर न चालवता, टोइंगवर लादून खड्डा किंवा रॅम्प असलेल्या गॅरेजमध्ये खालून आवळून घ्या. आकडा जुळला, मगच शेवटचं आवळणं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने, म्हणजे तेवढ्याच जोराने. गॅरेजवाल्याला काम दिलंत तरी उभं राहून बघा. ‘वरच आवळतो, काही होत नाही’ असं म्हणाला तर ऐकू नका. लोंबत्या चाकावर शेवटचा पाना नाही म्हणजे नाही.

मागच्या आर्मच्या रबरी बुशांनाही हाच नियम, तिथलं अंतरही आधीच मोजा.

बाकीचं पटकन. चाकांचे नट आवळा. मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून ब्रेक बघा. अलाइनमेंट त्याच दिवशी, नाहीतर टायर खातो. काही दिवस चालवल्यावर बोल्ट पुन्हा तपासा, तेही गाडी चाकांवर उभी असताना.